मज्जारज्जूची इजा आणि नंतरची वर्षं

अपघात होतो, मणका मोडतो, आतला मज्जारज्जू दुखावतो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं, मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसतात. दोन-तीन महिन्यांनी माणूस घरी येतो तेव्हा पाय हलत नसतात, लघवीला नळी असते आणि ओटीवर व्हीलचेअर उभी असते. भेटायला आलेला प्रत्येक जण निघताना म्हणतो, 'जे व्हायचं ते झालं, आता पुढचं बघायचं.' या बोलण्यात माया असते, धीर असतो. पण त्यातला पहिला अर्धा भाग खरा नाही, आणि तो खरा मानल्यामुळे माणसांचं मोठं नुकसान होतं. मज्जारज्जूची इजा अपघाताच्या दिवशी सुरू होते. त्या जागी पुढची कित्येक वर्षं बदल होत राहतात. काही बदल निरुपद्रवी असतात, काही त्रास देतात, काही उरलेली ताकदही हिरावून नेतात आणि क्वचित जिवावर बेततात. मज्जासंस्थेच्या या उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींची ओळख करून देणं हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक मुळशी तालुक्यातली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मज्जारज्जूची इजा कुठेही होऊ शकते, पण ती होण्याची कारणं आणि झाल्यावर सांभाळण्याच्या अडचणी प्रत्येक मुलखाच्या वेगळ्या असतात. आपल्या देशात या इजेची दोन मोठी कारणं म्हणजे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. मुळशीत दोन्ही भरपूर आहेत. पावसाआधी घर शाकारायला कौलांवर किंवा पत्र्यावर चढलेला माणूस, जांभूळ-आंबा उतरवताना फांदी मोडून खाली आलेला मुलगा, विहिरीत कोसळलेला शेतकरी ही जुनी कारणं आहेत. हिंजवडी, माण, भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात इमारती उभ्या राहू लागल्या तशी परांचीवरून पडणारे मजूर आणि गवंडी त्यांत मिसळले. चांदणी चौकातून पौड आणि पुढे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकीवरून पडणारी तरुण पोरं आहेत. पावसाळ्यात सहलीला येऊन पाण्याचा अंदाज न घेता डोहात सूर मारणारी आणि तळाच्या खडकावर मान आपटून घेणारी मुलं आहेत. बहुतेक जण विशी ते चाळिशीतले पुरुष, घरातले कमावते. म्हणजे इजेनंतर त्यांच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य पडलेलं असतं. हे पुस्तक त्या वर्षांबद्दल आहे.

विषयात शिरण्याआधी शरीराची थोडी ओळख हवी. पाठीचा कणा हाडांचा, आणि त्याच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरतो तो मज्जारज्जू मऊ, करंगळीएवढ्या जाडीचा. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो; त्याखाली नसांचा झुबका असतो. मेंदूचे हुकूम स्नायूंकडे आणि शरीराच्या जाणिवा मेंदूकडे याच रज्जूतून जातात. शिवाय रक्तदाब, घाम, शरीराचं तापमान, लघवी आणि शौच यांच्यावरचा ताबाही याच मार्गाने चालतो. मानेपाशी इजा झाली तर हात आणि पाय दोन्ही जातात, छातीच्या किंवा कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी झाली तर पाय जातात. इजेच्या खाली काहीच उरलं नाही तर ती पूर्ण इजा, थोडी जाणीव किंवा हालचाल उरली तर अपूर्ण. ऑपरेशनने हाडं सरळ आणि घट्ट होतात, दाब कमी होतो. रज्जूचे तुटलेले तंतू मात्र आजच्या कुठल्याही शस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येत नाहीत. 'ऑपरेशन यशस्वी झालं' आणि 'पाय चालू झाले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं, तर पुढचे अनेक खर्चिक भ्रम टळतात.

उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींचा अभ्यास वैद्यकात उशिरा सुरू झाला, कारण त्या दिसण्याइतकी वर्षं ही माणसं जगतच नसत. प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनी अशा रुग्णावर उपचार करू नयेत असं नोंदवून ठेवलं होतं, आणि पुढची साडेतीन हजार वर्षं परिस्थिती फारशी बदलली नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला गोळी लागलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावले. पाठीवर पडणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग ही त्यांच्या मृत्यूची मुख्य कारणं होती. चित्र पालटलं ते 1944 मध्ये. हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. ठरावीक तासांनी कूस बदलणं, मूत्राशय स्वच्छ रीतीने रिकामं करणं, व्यायाम, काम आणि खेळ या त्यांच्या गोष्टी साध्या होत्या, पण त्या रात्रंदिवस न चुकता केल्या गेल्या आणि माणसं जगू लागली. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमान यांनी आपल्या आवारात व्हीलचेअरवरच्या 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

या वाटेचा एक टप्पा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले जवान आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालची ताकद गेली. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पदकाचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. या पुस्तकाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मोलाची आहे : इजेनंतर अर्धशतकाहून जास्त काळ माणूस जगू शकतो, काम करू शकतो, संसार करू शकतो. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी तेच दाखवलं. 1954 च्या मोटार अपघातात त्यांचे पाय गेले. त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुनर्वसनशास्त्राचा विभाग उभा केला. कोवळ्या वयात पायांची ताकद गमावलेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

आणि मुळशीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर खडकी आहे. तिथे 1974 पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालू आहे. कर्तव्यावर असताना मज्जारज्जूची इजा झालेले सैनिक तिथे वर्षानुवर्षं राहतात, काम शिकतात, खेळतात. अशा ठिकाणी रोज कोणीतरी जाणतं माणूस रहिवाशाकडे बघत असतं. कालपर्यंत खुर्चीतून पलंगावर स्वतः जाणारा आज आधार मागतोय, हे त्याच्या लक्षात येतं. मुळशीतल्या वाडीवर बघणारे डोळे आहेत आणि माया तर आहेच. काय बघायचं हे मात्र त्यांना कोणी शिकवलेलं नाही. हे पुस्तक ते शिकवण्याचा प्रयत्न आहे.

आता गुंतागुंतींकडे येऊ. इजेनंतरचे पहिले काही आठवडे इजेच्या खालचा रज्जू जणू बधिर होतो. पाय लुळे, सैल पडतात. हा काळ सरला की पाय आखडायला लागतात, आपोआप उडतात, मांड्या थरथरतात. पुष्कळ घरांत याला 'पायात जीव येतोय' असं समजून आनंद होतो. तो आनंद मोडवत नाही, पण खरं सांगायला हवं : मेंदूचा ताबा सुटलेल्या रज्जूची ही आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. थोडा आखडलेपणा उपयोगीही पडतो. त्यामुळे स्नायूंचा आकार टिकतो आणि उठबस करताना आधार मिळतो. तो फार वाढला तर रोजचे ताण देणारे व्यायाम आणि बॅक्लोफेनसारखी औषधं लागतात. बॅक्लोफेन संपलं म्हणून एकदम बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. मुळशी धरणापलीकडच्या गावात पावसाळ्यात रस्ता बंद झाला तरी गोळ्या पुरतील इतका साठा घरात असलाच पाहिजे. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. महिनोन्महिने एका पातळीवर असलेला आखडलेपणा अचानक वाढला, तर शरीर काहीतरी सांगतं आहे. मूत्राशयात जंतुसंसर्ग झाला असेल, बसण्याच्या जागी जखम होत असेल, शौच तुंबलं असेल, पायाचं नख मांसात रुतलं असेल. जिथे वेदना जाणवत नाही तिथे आखडणं हीच तक्रार असते. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ओल्या गारठ्यानेही पाय आखडतात. पण 'पावसाने झालं असेल' असं म्हणून सोडून देण्याआधी या चार गोष्टी तपासाव्यात.

दुसरी गुंतागुंत जिवावर बेतणारी आहे, आणि आपल्याकडे तिचं नावही फारसं कोणाला माहीत नाही : ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया. इजा मानेपाशी किंवा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला अथवा त्याच्या वर असेल तर तिचा धोका असतो. इजेच्या खाली शरीराला काही खुपलं, बहुतेक वेळा नळी पिळली जाऊन लघवी तुंबली, तर खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. निरोगी माणसात मेंदू तो लगेच खाली आणतो. इथे मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोहोचतच नाही. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, मानेवर-कपाळावर घाम सुटतो, अंगावर काटा येतो, नाडी अनेकदा मंदावते. दाब चढतच राहिला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घोटाळा होतो तो आकड्यांत. या लोकांचा वरचा रक्तदाब एरवी 90 ते 110 च्या आसपास असतो. नेहमीपेक्षा 20 ते 40 ने चढला तरी धोक्याची घंटा आहे. म्हणजे 140 हा आकडा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत फारसा गंभीर वाटला नाही, तरी इथे तो तातडीचा प्रसंग ठरतो.

अशा वेळी काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. माणसाला ताबडतोब बसतं करा, पाय खाली सोडा; आडवं झोपवू नका. कपडे, पट्टे, पायाला बांधलेली पिशवी सैल करा. नळी कुठे पिळली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. नळी नसेल तर मूत्राशय रिकामं करा. तरी दाब उतरला नाही तर शौच तुंबलंय का ते बधिर करणारी जेली लावून तपासा. मग जखम, नख, अंगाखाली अडकलेली वस्तू शोधा. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजा. कारण सापडून दूर झालं की दाब बहुधा लगेच उतरतो. नाही उतरला तर 108 ला फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना या आजाराचं नाव सांगा. हे नाव एका कागदावर लिहून व्हीलचेअरच्या खिशात कायम ठेवावं. बायकांच्या बाबतीत आणखी एक इशारा आहे. मज्जारज्जूची इजा झालेल्या स्त्रीला दिवस जाऊ शकतात आणि मूल होऊ शकतं, पण बाळंतपणाच्या कळांनीही असाच रक्तदाब चढू शकतो आणि तो गरोदरपणातल्या रक्तदाबाचा म्हणून चुकीचा ओळखला जाऊ शकतो. तेव्हा बाळंतपण कुठे करायचं, हे आधीच ठरवलं पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे वेदना. हात लावलेलं कळत नाही त्या पायात आग होते, सुया टोचतात, विजेचा झटका बसल्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला हे पटत नाही आणि सांगणाऱ्याला आपण खोटे ठरतोय असं वाटतं. इजेनंतर अर्ध्याहून जास्त लोकांना दीर्घकाळ वेदना राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच वेदना दुखावलेल्या मज्जातंतूंच्या असतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही; प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन अशी वेगळी औषधं लागतात. त्या वेदना खऱ्या आहेत. त्यांना मनाचे खेळ म्हणणं म्हणजे त्या माणसावर अन्याय करणं होय. जुनी, ओळखीची वेदना आणि नवी वेदना यांतला फरक मात्र नीट जाणून घ्यावा. वेदनेची जागा बदलली, ती वर चढली, खोकताना-शिंकताना वाढू लागली, तर पुढच्या परिच्छेदातली गोष्ट आठवावी.

या पुस्तकाच्या मध्यभागी आहे ती चौथी गुंतागुंत, अपघातानंतरची सिरिंगोमायलिया. मज्जारज्जूभोवती पाणी असतं आणि ते हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी वर-खाली हलतं. इजेच्या जागी व्रण धरतो, रज्जूवरची नाजूक पापुद्र्यासारखी आवरणं एकमेकांना चिकटतात आणि या पाण्याची वाट अडते. ओढ्याच्या पात्रात दरड कोसळली की पाणी काठ पोखरून वाट काढतं, तसं इथे पाणी रज्जूच्या आत शिरून पोकळी करतं. ती पोकळी हळूहळू लांबते, वर चढते, कधी खाली उतरते. मोडलेल्या मणक्याला बाक राहिला असेल किंवा हाडाचा तुकडा रज्जूवर दाबत राहिला असेल, तर धोका वाढतो. कॅनडातले मज्जातज्ज्ञ हेन्री बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये पाय गेलेल्या रुग्णांमध्ये वर्षांनंतर येणाऱ्या या वाढत्या बिघाडाचं तपशिलात वर्णन केलं. एमआरआय आल्यावर ती पोकळी जिवंत माणसात स्पष्ट दिसू लागली. एमआरआयवर पाचांतल्या एखाद्याला तरी छोटी-मोठी पोकळी सापडते; त्रास देणारी पोकळी मात्र शंभरात साधारण तीन-चार जणांना होते. इजेनंतर काही महिन्यांत ती दिसू शकते, तशीच तीस वर्षांनीही.

तिची लक्षणं कशी येतात ते घरातल्या भाषेत सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी पाय गेलेला, पण हातांनी खुर्ची ढकलून किराणा दुकान चालवणारा एक माणूस मनात आणा. त्याच्या मानेत-खांद्यात नवं दुखणं सुरू होतं, खोकल्यावर कळ हातात उतरते. चहाचा कप धरलेला कळतो, पण गरम लागत नाही; बोटाला फोड दिसते तेव्हा भाजल्याचं समजतं. पूर्वी बेंबीपर्यंत असलेला बधिरपणा छातीपर्यंत आल्यासारखा वाटतो. सुट्टे पैसे मोजताना बोटं अडखळतात. एका बाजूला घाम जास्त येऊ लागतो. यातलं एकेक लक्षण किरकोळ वाटतं आणि प्रत्येकाला हाताशी असलेलं कारण मिळतं : खांदा खुर्चीने दुखतोय, बोटं थंडीने आखडली, वय झालं. हाताची ताकद निघून गेल्यावर तपास होतो आणि गेलेली ताकद बहुधा परत येत नाही. शस्त्रक्रियेने चिकटलेली आवरणं सोडवून पाण्याची वाट मोकळी करता येते, किंवा पोकळीतलं पाणी नळी बसवून काढता येतं. शस्त्रक्रियेचा खरा उपयोग पुढचा बिघाड थांबवण्यासाठी आहे, म्हणून ती वेळेवर व्हावी लागते. पाय गेलेल्या माणसाचे हात हेच त्याचे पाय असतात. ते वाचवण्याची संधी काही आठवड्यांच्या दुर्लक्षाने हुकावी, यासारखं टाळता येण्याजोगं दुःख दुसरं नाही.

बाकीच्या गुंतागुंतींचा इथे फक्त उल्लेख करतो. पुढे त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. जाणीव नसलेल्या भागातले मणके वर्षानुवर्षं झिजून ढिले होतात, बसल्यावर तोल जातो, हलताना पाठीत कटकट आवाज येतो. याला शार्कोचा कणा म्हणतात. त्यात पूर्वीचा आखडलेपणा अचानक नाहीसा झाला, तर ती सुधारणा समजू नये. व्हीलचेअर ढकलून मनगटातली नस दबते आणि रात्री बोटांना मुंग्या येतात; हा त्रास पुष्कळांना होतो, त्यावर उपाय सोपा आहे, पण त्याच्या आड सिरिंगोमायलिया लपू शकते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता खूप आढळते आणि तिच्यामुळेही मज्जारज्जू बिघडतो. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि इंजेक्शनांनी भरून निघते. म्हणून नवीन बधिरपणा आला की ही तपासणीही करून घ्यावी.

मग या गुंतागुंती वेळेवर का सापडत नाहीत? वेदना न जाणवणारं शरीर धोक्याची नेहमीची सूचना देत नाही, हे एक कारण. अंतर हे दुसरं. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, लवळ्याला मोठं रुग्णालय झालं आहे, पण मुळशीच्या जलाशयाच्या कडेची आणि पलीकडची गावं अजून दूर आहेत, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला एमआरआयसाठी शहरात न्यायचं म्हणजे खास गाडी करणं, उचलायला दोन माणसं आणि एका दिवसाची मजुरी बुडणं. तिसरं कारण कागदांचं आहे. ऑपरेशनच्या वेळी ताकद किती होती, जाणीव कुठपर्यंत होती, कोणत्या धातूच्या सळ्या बसवल्या, याची नोंद घरात सापडत नाही. मग नवं काय आणि जुनं काय हे ठरवायचं कशावरून? पण या सगळ्यांहून मोठं कारण मनातलं आहे. अपंगत्वाचा दाखला हातात पडला की माणसाच्या शरीराबद्दलचा निकाल लागला, असं सगळे धरून चालतात. त्याच्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर त्या जुन्या अपघातात शोधलं जातं. 'आधीच गेलेलं आहे, आता आणखी काय जाणार?' या प्रश्नाला हे संपूर्ण पुस्तक उत्तर देतं : हात जाऊ शकतात, श्वासाची ताकद जाऊ शकते, किडनी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो, आणि यातलं बरंचसं थांबवता येतं.

थांबवण्यासाठी लागणारी साधनं महाग नाहीत. पहिलं साधन म्हणजे एक वही. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात फिजिओथेरपिस्टला किंवा डॉक्टरांना विचारून तिच्यात लिहून ठेवा : जाणीव कुठपर्यंत आहे, कोणता सांधा किती ताकदीने हलतो, हाताची पकड कशी आहे, नेहमीचा रक्तदाब किती, लघवी दिवसातून किती वेळा आणि किती. डिस्चार्ज कार्डाची, एक्स-रेची आणि एमआरआयच्या अहवालाची प्रत त्याच वहीत. मग दर महिन्याला घरच्याच माणसाने डोळे मिटायला सांगून कापूस आणि थंड चमचा लावून बघावं, बधिरपणाची सीमा हलली आहे का ते. वर्षातून एकदा या विषयातल्या डॉक्टरांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. आणि नवी वेदना, नवा बधिरपणा, हाताची कमी झालेली ताकद, अचानक बदललेला आखडलेपणा, घामातला किंवा लघवीच्या सवयीतला बदल, गिळताना वा श्वास घेताना येणारी अडचण यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावं. त्या वेळी डॉक्टरांना एवढंच सांगावं : 'हे पूर्वी नव्हतं.'

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात शरीर आणि इजा, दुसऱ्यात घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष, तिसऱ्यात उशिरा येणाऱ्या गुंतागुंती एकेक करून, चौथ्यात वर्षांनुसार करायच्या तपासण्या आणि शेवटी दाखले, योजना आणि हक्क. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उपचार आणि पुनर्वसन हा हक्क मानला आहे, उपकार नव्हे. तो मागताना संकोच करू नये. ज्यांना सगळं वाचणं शक्य नाही त्यांनी निदान रक्तदाबाचं आणि सिरिंगोमायलियाचं प्रकरण वाचावं, किंवा वाचता येणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावं. हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेत नाही. औषधाची मात्रा, शस्त्रक्रियेचा निर्णय हे त्यांचेच. पण डॉक्टरांपर्यंत योग्य वेळी पोहोचायचं की नाही, हे घरातच ठरतं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आशाताईंना, उपकेंद्रातल्या नर्सताईंना आणि गावोगावच्या डॉक्टरांना. तुमच्या गावात व्हीलचेअरवर किंवा अंथरुणावर कोण आहे ते तुम्हाला माहीत असतं. लसीकरणासाठी, पाहणीसाठी त्या घरावरून जाल तेव्हा पाच मिनिटं थांबा, रक्तदाब मोजा, हातांची पकड बघा, वही मागा. दुसरी विनंती ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना. तुमच्या शरीरात काय बदलतं आहे हे तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही. कोणी म्हणालं, असंच असतं, तर एकदा ऐकून घ्या आणि तरीही तपासणीचा आग्रह धरा. दरवर्षी 5 सप्टेंबरला जागतिक मज्जारज्जू इजा दिन असतो. वार्षिक तपासणीसाठी तीच तारीख धरा, म्हणजे ती विसरणार नाही.